होल्टर टेस्टसाठी बडोद्याच्या डांडिया बाजारातलं हे सेंटर, ४ स्टार

छातीत धडधडतं, मध्येच ठोका चुकल्यासारखा वाटतो आणि ईसीजी काढायला गेलं की नॉर्मल, असं ज्यांचं चालू आहे त्यांच्यासाठी मुख्यतः लिहितेय. मला हा त्रास बऱ्याच वर्षांपासून. सासूबाई म्हणायच्या पित्त आहे, सुंठ घे, कोणी म्हणे टेन्शन, कोणी म्हणे वयच तसं आहे तुझं, आणि ईसीजीचा कागद दर वेळी स्वच्छ. पण साधा ईसीजी साधारण १० सेकंदांचाच असतो हो, तेवढ्यात गडबड झालीच नाही तर कागदावर येणार कुठून? होल्टर म्हणजे अंगावर लावून फिरायचं ईसीजीचं छोटं यंत्र, ते २४ तास चालतं, लाखाच्या आसपास ठोके सगळेच्या सगळे रेकॉर्ड होतात, म्हणून कार्डिओलॉजिस्टनी तो करायला सांगितला आणि आमच्या घरापासून हे सेंटर जवळ म्हणून इथे गेले.

आधी घरी काय झालं होतं ते सांगते, कारण खूप जणांकडे करोनात घेतलेला ऑक्सिमीटर अजून आहे. धडधडलं की मी बोट घालून बघायचे. एका संध्याकाळी पल्स ४१ दाखवला, मग ८०, परत ४३, मिस्टर तर गाडीची किल्ली घेऊन दारातच उभे. खरं काय चाललं होतं ते होल्टरच्या रिपोर्टनंतर कळलं, ते पुढे लिहिते.

सेंटरमधल्या बेननी मशीन लावलं ते फार व्यवस्थित. आधी विचारलं आंघोळ करून आलात ना, कारण मशीन असेपर्यंत आंघोळ नाही. पावडर, क्रीम काही लावून जाऊ नका, पट्ट्या नीट चिकटत नाहीत. छाती स्पिरिटने पुसून, थोडं घासून इलेक्ट्रोड चिकटवले, वायर टेपने पक्क्या केल्या, छोटा रेकॉर्डर कमरेला. समोरून उघडणारा कुर्ता घालून जा, मी डोक्यातून घालायचा घालून गेले असते तर पंचाईत होती, मैत्रिणीने आधीच सांगितलं होतं. पुरुषमंडळींना छातीवरचे केस थोडे काढावे लागतात, तयारीने जा.

मला सगळ्यात आवडलं ते हे की त्या बेननी निघताना बजावून सांगितलं, घरे जईने सूई ना जता, रोज करो छो ए बधुं करजो, म्हणजे घरी जाऊन झोपून राहू नका, रोजचं सगळं करा. हे फार महत्त्वाचं आहे! बरेच लोक मशीन लागलं की आजारी माणसासारखे पलंगावर पडून राहतात आणि मग रिपोर्टमध्ये काही येत नाही. मी रोजच्यासारखा स्वयंपाक केला, मुलांची ट्यूशन घेतली, दोन वेळा चहा घेतला, गच्चीवर कपडे वाळत घालायला जिना चढले, सकाळी कामाटीबागेत चालूनही आले. सोबत एक डायरीचा कागद देतात, त्यात किती वाजता काय करत होतात आणि काय जाणवलं ते लिहायचं. मशीनवर बटणही आहे, धडधडलं की दाबायचं. पण नुसतं बटण दाबून सोडू नका, वेळ लिहाच, घड्याळात बघून, अंदाजाने नाही, कारण डॉक्टर ती वेळ आणि ईसीजीच्या कागदाची पट्टी शेजारी ठेवून बघतात.

रात्र मात्र कटकटीची गेली, कुशीवर वळलं की वायर ओढली जाते. आणि पट्ट्यांखाली खाज येते, मला लाल चट्टे राहिले ते हळूहळू गेले. शक्य असेल तर मे महिन्यात करू नका, बडोद्याच्या उन्हात घामाने पट्टी सुटते. माझी एक सुटायला लागली होती, फोन केला तर कशी दाबून टेप लावायची ते त्यांनी न वैतागता सांगितलं.

(हा नॉर्मन होल्टर म्हणून अमेरिकन शास्त्रज्ञ होता, त्याचं पहिलं यंत्र पाठीवर घ्यायचं आणि वजन म्हणे ३८ किलोच्या आसपास. आपलं ड्रेसखाली लपतं.)

रिपोर्टबद्दल. काही ठिकाणी दोन पानांचा सारांश देऊन मोकळे होतात, इथे ईसीजीच्या पट्ट्यांसकट पूर्ण बाइंड केलेला रिपोर्ट मिळाला. डॉक्टरांनी माझ्या डायरीतली संध्याकाळची वेळ काढली आणि बोट ठेवून दाखवलं, एक नॉर्मल ठोका, एक वेळेआधीचा, एक नॉर्मल, एक वेळेआधीचा, अशी रांगच. वेळेआधी पडणाऱ्या ठोक्याला हृदय पुरतं भरलेलंच नसतं त्यामुळे तो बोटापर्यंत पोचत नाही, ऑक्सिमीटर एक सोडून एक मोजतो आणि ८० चे ४० करतो! हृदय मंद झालंच नव्हतं. आणि त्या ठोक्यानंतर जरा थांबा येतो, तोवर रक्त जास्त भरतं, पुढचा ठोका जोरात पडतो, आपल्याला जाणवतो तो धक्का त्याचा. इतकी वर्षं कोणी मला हे सांगितलं नव्हतं. ऐकून मी तिथेच रडले, खरंच.

माझ्या एकूण ठोक्यांपैकी ९ टक्के असे निघाले. साधारण १० टक्क्यांच्या वर गेलं की डॉक्टर जास्त लक्ष ठेवतात, कारण असे ठोके फार जास्त आणि फार काळ राहिले तर पंपिंग कमी होऊ शकतं. माझा इको (हृदयाची सोनोग्राफी), थायरॉइड, पोटॅशियम सगळं बघितलं, ठीक आहे, एक बीटा ब्लॉकर, म्हणजे धडधड कमी करणारी गोळी, चालू केलाय. झोपेत रेट ४८ पर्यंत उतरला होता आणि जिन्यावर १३०, ते बघून मी घाबरले तर डॉक्टर म्हणाले रेट खालीवर होणं हे निरोगीच, ठोक्यांची लय कशी आहे ते पट्टीवर बघायचं, नुसत्या आकड्यावर जायचं नाही.

आता एक स्टार का कापला. सेंटर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि येणारे सगळे हृदयाचे पेशंट! माझ्यासमोर एक आजोबा मधल्या पायरीवर बसून दम खात होते, त्यांची सून पाण्याची बाटली घेऊन उभी. खाली एक खोली घेऊन निदान मशीन तरी तिथे लावा, मालकांना मी तोंडी सांगितलंय, इथेही सांगते. दुसरं, रिपोर्ट उद्या म्हणाले आणि तीन दिवसांनी दिला, धडधड घेऊन बसलेल्या माणसाला ते दिवस फार जड जातात हो. तिसरं, संध्याकाळी बेन नसतात, बायकांनी सकाळचीच वेळ मागा. पैसे दोन-अडीच हजारांच्या मध्ये घेतले, पावती लगेच दिली.

ज्यांना पंधरा दिवसांतून एकदा त्रास होतो त्यांना २४ तासांत काही सापडेलच असं नाही, त्यांनी डॉक्टरांना छातीवर चिकटवून जास्त दिवस ठेवायच्या ईसीजी पॅचबद्दल विचारा. चालू गोळ्या टेस्टसाठी आपल्या मनाने बंद करू नका, हेही डॉक्टरांनाच विचारायचं. आणि धडधडीबरोबर चक्कर येऊन पडलात, छातीत दुखतंय, श्वास लागतोय तर होल्टरची वाट बघायची नाही, सरळ १०८.

जायच्या आधी फोन करा, मशीन मोजकीच आहेत आणि आदल्या दिवशीचं परत आल्याशिवाय तुमचा नंबर लागत नाही.