गुणगुणण्याचे आठ रविवार : गंगापूर रोडवरच्या एका गायनवर्गाविषयी

गंगापूर रोडवरच्या एका गायनवर्गाच्या पाटीवर ‘गुणगुणायला शिका’ असे वाचले आणि त्याच दिवशी नाव नोंदवले. शास्त्रीय गायक द. वि. पलुस्कर १९२१ साली ज्या गावात जन्मले त्या नाशकात गाणे शिकवणाऱ्यांची वाण नाही, परंतु माझ्या पाहण्यातल्या बहुतेक ठिकाणी परीक्षेची किंवा मंचावरच्या गाण्याची तयारी करून घेतात. घरात, स्वतःपुरते गाणाऱ्या माणसासाठी कोणी वर्ग काढल्याचे मी प्रथमच पाहिले.

पहिला तास बाईंनी शब्दावरच घालवला आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा ठरला. भुंगा गुणगुणतो, डास कानाशी गुणगुणतो, आणि माणूसही. त्यात सूर हवाच, शब्द असले तर असले. पुटपुटण्यात शब्द असतात पण सूर नसतो, आणि कुजबुजताना स्वरतंतू कंपच पावत नाहीत, त्यामुळे कुजबुजत गाणे कोणालाही शक्य नाही. अंगाई हळू म्हटली तरी ती मांडीवरच्या बाळासाठी असते. गुणगुणणे स्वतःशीच चालते. मग त्यांनी ओठ मिटून सा लावायला आणि दोन बोटांनी नाक दाबायला सांगितले. आवाज तत्क्षणी बंद पडला, कारण ओठ मिटले की हवेला नाकाखेरीज वाट उरत नाही. साठीच्या आसपासची आम्ही अकरा माणसे लहान मुलांसारखी पुन्हा पुन्हा नाक दाबून पाहत होतो.

माझी चूक दुसऱ्या रविवारी उमगली. ‘काकू, तुम्ही आवाज लहान केला नाहीत, सूर खाली आणलात,’ असे बाई म्हणाल्या, आणि ते खरे होते. ‘खालच्या आवाजात बोल’ हे आपण हळू या अर्थाने म्हणतो, ‘पट्टी खाली घे’ हे सुराविषयी, आणि ‘आवाज चढवू नकोस’ म्हणताना तर दोन्ही एकत्र येतात. ही सरमिसळ माझ्या गळ्यात वर्षानुवर्षे मुरली होती. पेटीवरची तीच काळी चार (चौथी काळी पट्टी), तोच सा ठेवून केवळ श्वासाचा जोर कमी करायला शिकण्यात माझे पुढचे तीन रविवार गेले.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. खोली रस्त्याच्या अंगाला आहे, त्यामुळे रिक्षांचे हॉर्न थेट आत येतात, आणि ते झाकण्यासाठी इलेक्ट्रॉनिक तानपुरा इतका मोठा ठेवतात की आपले गुणगुणणे आपल्यालाच ऐकू येत नाही. दोनदा विनंती करूनही तो लहान झाला नाही. पाटीवर कबूल केलेली अंगाई सातव्या रविवारी घाईघाईने उरकली, याचे मला वाईट वाटले. आठ रविवारांचे २,००० रुपये घेतात, ते शिकवण्याच्या मानाने योग्य आहेत.

मंचावर गाण्याची इच्छा असणाऱ्यांनी दुसरा वर्ग शोधावा. घरची माणसे झोपलेली असताना पोळ्या लाटता लाटता ज्यांना गाणे सुचते, त्यांनी मात्र अवश्य यावे आणि खिडकीपासून दूरची सतरंजी धरावी.