बंबाची तोटी खाली नको, वर हवी : स्टीलच्या बंबाचा पावसाळा-हिवाळ्यानंतरचा अनुभव

लाकडावर आंघोळीचं पाणी तापवायचा चाळीस लिटरचा स्टीलचा बंब. मधोमध चार इंची धुराची नळी, तिच्याभोवती पाणी, खाली जाळी आणि राखेचा कप्पा, बुडापासून दोन बोटांवर पितळी तोटी. बहुतेक बंब असेच असतात, त्यामुळे वर्णन एवढं पुरे. पावसाळा आणि हिवाळा वापरल्यावर नळीच्या वरच्या जोडातून पाणी झिरपायला लागलं, म्हणून हे लिहितोय. विक्रेत्याचं म्हणणं, “जाळ जास्त केला असेल.” हे मला अजिबात मान्य नाही. दोष जाळाचा नाही, तोटीच्या जागेचा आहे.

तोटी बुडाशी असली की पाणी काढलं तशी पातळी उतरते आणि नळीचा वरचा भाग उघडा पडतो. पत्र्याला मागून पाणी लागून आहे तोवर तो शंभर अंशांच्या फार वर जात नाही. पाणी सरकलं की तोच पत्रा निळा-तपकिरी पडतो. मग घरातलं कुणीतरी दुसऱ्या आंघोळीसाठी वरून गार पाणी ओततं, तापलेला पत्रा एकदम आकसतो आणि सगळा ताण नळीच्या वेल्डिंगवर येतो. तांब्याच्या बंबात धोका आणखी मोठा, कारण त्याचे जोड सांधणारा कथील-शिशाचा डाख 183 अंशांना वितळू लागतो. “बंब कधी रिकामा तापवू नये” हे सगळ्यांना माहीत असतं, पण अर्धा रिकामा बंबही वरून रिकामाच तापतो, हे विकणारा सांगत नाही.

जुन्या धाटणीच्या काही बंबांत ही अडचणच नसते. एका बाजूला नरसाळं, दुसऱ्या बाजूला अगदी वर गरम पाण्याची चोच. बादलीभर गार ओतलं की बादलीभर गरम बाहेर पडतं आणि बंब कायम भरलेला राहतो. माझा बंब आता तसा करून घेतलाय. पत्रा पातळ असल्याने काम आर्गन वेल्डिंगवाल्याकडेच द्यावं. वरच्या पत्र्याला जवळपास चिकटून, बाजूला एक इंची नळीची चोच लावायची. चोचीच्या विरुद्ध बाजूला वरच्या पत्र्यातून एक इंची नळी आत सोडायची, ती बुडाच्या दोन इंच वर थांबली पाहिजे. तिचं खालचं तोंड तिरकं कापायचं, नाहीतर गार पाण्याची धार बुडावर आपटून सगळं ढवळून निघतं आणि चोचीतून कोमट पाणी येतं. नरसाळं चोचीपेक्षा किमान सहा इंच उंच हवं. पाणी ओतायचं जुनं तोंड झाकलेलं ठेवायचं, पण घट्ट बंद करायचं नाही.

चोचीला तोटी, व्हॉल्व्ह काहीही बसवू नये. वाफेला आणि फुगलेल्या पाण्याला तीच मुख्य वाट आहे. पंचवीस अंशांचं पाणी नव्वदपर्यंत तापलं की साधारण सव्वातीन टक्के फुगतं, म्हणजे चाळीस लिटरच्या भरल्या बंबातून सव्वा-दीड लिटर पाणी आपोआप ठिबकतं. ती गळती नव्हे. चोचीखाली बादली ठेवा, तेही पाणी आंघोळीलाच येतं. खालची तोटी काढू नका, फक्त गाळ सोडायला ठेवा. तिचा रबरी वायसर उकळत्या पाण्याने कडक होऊन ठिबकतो, त्याऐवजी टेफ्लॉनच्या सीटचा पितळी बॉल व्हॉल्व्ह टिकतो.

तांबं की स्टील याबद्दलचं माझं मत मात्र वापरताना बदललं. तांबं स्टेनलेस स्टीलच्या वीसपटीहून अधिक उष्णता वाहून नेतं, म्हणून तांब्याचा बंब खूप लवकर तापेल असं वाटायचं. पण पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड असतो आणि खरी अडचण असते जाळाकडून पत्र्यात उष्णता शिरण्याची. ती दोन्हीकडे सारखीच. फरक पडतो तो आतल्या काजळीने आणि पाण्याकडच्या क्षाराने. आठवड्यातून एकदा वरून लांब दांड्याचा तारेचा ब्रश फिरवला की लाकूड कमी लागतं, हे स्वच्छ दिसतं. तांब्याचा खरा फायदा वेगळा आहे. तांबट त्याला पुन्हा डाख देऊ शकतो आणि मोडीत घातला तरी पैसे येतात. स्टील घ्यायचंच तर ते 304 प्रतीचं आहे का, हे बिलावर लिहून घ्या. लोहचुंबकाने हे कळत नाही, हलक्या 202 प्रतीलाही चुंबक चिकटत नाही. आणि बोअरच्या खाऱ्या पाण्यात 202 चे जोड आधी गंजतात.

बोअरचं पाणी असेल तर क्षार काढावाच लागतो. थंड बंब भरून घ्यायचा, चाळीस लिटरला किलोभर लिंबूसत्त्व घालायचं, हाताला सोसेल इतपत कोमट करून रात्रभर ठेवायचं. उकळायचं नाही, क्षार पांढरा गाळ होऊन पुन्हा बसतो. सकाळी खालच्या तोटीने सोडून दोनदा धुवायचं. शंभर ग्रॅम क्षाराला साधारण 130 ग्रॅम लिंबूसत्त्व लागतं, थर जाड असेल तर पुन्हा करावं. फरशीचं ॲसिड स्टीलला कधीही लावू नये. जस्ताचा मुलामा असलेल्या बंबाला तर लिंबूसत्त्वही नको.

सरपणाचा हिशेब : वीस लिटर पाणी चाळीस अंशांनी तापवायला 800 किलोकॅलरी लागतात. विजेच्या कांडीने जवळपास एक युनिट, बंबात अर्धा ते पाऊण किलो सुकं लाकूड. लाकूड विकत आणायचं असेल तर यात फारशी बचत नाही. परसात नारळाची सोडणं, करवंट्या, चुडतं पडत असतील किंवा शेतातल्या कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या असतील तरच बंब परवडतो, आणि तेव्हा मात्र फार छान परवडतो. तुराट्या भसकन जळतात आणि जाळ नळीतून वर निघून जातो. त्या मुठीएवढ्या जुड्या बांधून घालाव्यात. सोडणं ओली असली की नुसता धूर. करवंट्यांचा जाळ उत्तम, पण नळीत चिकट डांबर धरतं.

बंद न्हाणीघरात बंब पेटवू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि खिडकीची फट त्याला पुरत नाही. पडवीत किंवा परसात ठेवा, चोचीखालून बादली आत न्या.

नवीन घेणाऱ्यांनी दुकानात चोचीचाच बंब मागावा. “तसला आता येत नाही” म्हणाले तर कारागिराकडून करून घ्यावा, नरसाळ्याची नळी बुडाजवळ गेलीय का हे आत काठी घालून तपासावं, आणि घरी नेण्याआधी चोचीतून पाणी ओसंडेपर्यंत भरून तासभर ठेवून सगळे जोड बघावेत.