रंगीत पाण्याचे १९,९०० रुपये: इंदुरात कूलंट बदलून घेताना झालेली फसवणूक

आकडे आधी सांगतो. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, बदलायचे १९,९०० रुपये घेतले. मग घाटातून गाडी उचलून आणायला ५,५०० आणि दुरुस्तीला ७१,६५०. एकूण ९७,०५० रुपये, आणि कूलंटच्या टाकीत ओतलं होतं रंग घातलेलं बोअरिंगचं पाणी.

गाडी ऑडी टीटी, २०१६ चं मॉडेल, सेकंडहँड घेतलेली. "अशी गाडी परवडते तर मग रडतोस कशाला" म्हणणारे घरातही निघाले. पैसे कष्टाचे आहेत, आणि स्विफ्टवाल्यालाही हाच चुना अशाच पद्धतीने लागतो, फक्त आकडा लहान असतो.

मी काही न विचारता गेलो नव्हतो. गाडीचं पुस्तक वाचलं होतं. या गाडीला "जी १३" प्रकारचं कूलंट लागतं, बाटलीवर "टीएल ७७४-जे" हे मानक छापलेलं असतं, एवढं पाठ करून गेलो होतो. रिंग रोडवरचं हे गॅरेज ओळखीतल्याच माणसाने सुचवलेलं. लिफ्ट, काचेची केबिन, एसी, बाहेर दोन-तीन जर्मन गाड्या उभ्या. मालक फोनवर म्हणाला, "भिया, ओरिजिनल ही डलेगा, बॉटल आपके सामने खुलेगी." यापेक्षा ग्राहकाने आणखी काय विचारायचं?

पहिली थाप फ्लशची, म्हणजे सिस्टीम आतून धुण्याची. पाण्याच्या कापलेल्या बाटलीत गढूळ, तपकिरी काहीतरी आणून माझ्यासमोर धरलं. "देखो, आपकी गाड़ी से ये निकला है, फ्लश नहीं किया तो हेड जाएगा." त्याच आठवड्यात मी बॉनेट उघडून टाकी पाहिली होती, आतलं कूलंट स्वच्छ जांभळं होतं. मी ते बोललोही. त्यावर उत्तर तयारच होतं, "ऊपर से साफ दिखता है, कचरा नीचे बैठता है." फ्लशचे ४,५०० तिथेच लागले. कोणी असं गढूळ पाणी दाखवलं तर सांगा, माझ्यासमोर पाइप काढ आणि माझ्या भांड्यात काढ. जे तुमच्या डोळ्यांदेखत निघालं नाही ते तुमच्या गाडीतलं नाही.

आता तो क्षण, जो आठवला की अजून डोकं तापतं. बाटल्या खरंच माझ्यासमोर उघडल्या. काचेपलीकडे पोऱ्याने एक-एक बाटली उचलली, झाकण फिरवलं आणि ते सरळ हातात आलं. नव्या बाटलीच्या झाकणाखाली प्लास्टिकची रिंग असते. पहिल्यांदा फिरवताना ती कडकन तुटते आणि बाटलीच्या गळ्यातच राहते. इथे कसला आवाज नाही, गळ्यात रिंग नाही. बाटल्यांवर कॉन्सन्ट्रेट छापलेलं, म्हणजे त्यात निम्मं डिस्टिल्ड पाणी मिसळायला हवं, पण आसपास डिस्टिल्ड पाण्याचा एक कॅन नाही. एक निळा जेरीकॅन मात्र मागच्या दाराने आत आला आणि रिकामा होऊन परत गेला. हे सगळं माझ्यासमोर घडत होतं. पण दारावर "ग्राहकांना आत प्रवेश नाही" अशी पाटी, बाहेर मे महिन्याचं ऊन, आणि मालक शेजारी बसून चहा पाजत गाडीची तारीफ करतोय. अशा वेळी बाटलीच्या गळ्यातली रिंग कोण मोजतं? माणूस गॅरेजवाल्याला पैसे देतो ते याचसाठी, की ही नजर त्याने ठेवावी.

हिशेबातही चोरी होती. ८ लिटर कॉन्सन्ट्रेट, लिटरला १,४५० प्रमाणे ११,६००. या गाडीच्या अख्ख्या सिस्टीममध्ये सगळं मिळून जेमतेम तेवढं मावतं. निम्मं पाणी धरलं तर कॉन्सन्ट्रेट ४ लिटर पुरे. वर मजुरी ३,८००. पक्कं बिल मी मागितलं होतं. "सिस्टीम बंद है, व्हॉट्सअ‍ॅप कर देंगे." आजतागायत आलेलं नाही. पैसे ज्या क्यूआरवर गेले त्यावर नाव गॅरेजचं नव्हतं, कुणा माणसाचं होतं. क्यूआरवर दुकानाचं नाव नसेल तर पैसे देऊच नका.

भेरूघाट चढताना इंजिन तापल्याचा इशारा लागला. त्याआधी तापमानाचा काटा शांत होता, कारण या गाड्यांचा काटा मधल्या मोठ्या पट्ट्यात ९० वरच खिळून राहतो. तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. गाडी बाजूला घेतली, एसी बंद केला, झाकणाला हात लावला नाही. गरम इंजिनचं झाकण उघडलं तर दाबाखालचं पाणी उसळून तोंड भाजतं, हे लक्षात ठेवा.

ज्या मेकॅनिककडे गाडी उचलून नेली त्याने टाकीतला एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवला आणि मला डोळा लावायला सांगितला. रेघ उणे ४ अंशांवर होती, म्हणजे आतलं द्रव तेवढ्या थंडीतच गोठेल. निम्मं-निम्मं मिश्रण असेल तर ती उणे ३७ च्या आसपास यायला हवी. इंदुरात कुठे बर्फ पडतो, असं कोणी म्हणेल. प्रश्न बर्फाचा नाहीच. त्या रेघेवरून आत ग्लायकॉल किती ते कळतं, आणि ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) असलं की पाणी आणखी उशिरा उकळतं. गंज रोखणारी रसायनंही त्याच बाटलीतून येतात. आमच्याकडचं बोअरिंगचं पाणी जड, त्यातले क्षार आत थर धरतात आणि क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमला खड्डे पाडतात. शिवाय जुनं कूलंट पूर्ण काढलंच नव्हतं, आणि व्हॅक्यूमने भरण्याऐवजी नरसाळ्याने ओतल्यामुळे हवा अडकली होती. रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅटचं हाउसिंग, सगळं बदलावं लागलं.

रंगावर अजिबात विश्वास ठेवू नका. हिरवा, गुलाबी, निळा, जांभळा हा नुसता डाय आहे, आणि तो कुठल्याही पाण्यात मिसळता येतो. दोन कंपन्यांचं गुलाबी कूलंट आतून वेगळं असू शकतं, आणि न जुळणारी दोन कूलंट एकत्र झाली तर गाळ धरतो. बाटलीवरचं मानक वाचा. रिफ्रॅक्टोमीटर मी नंतर १,३५० रुपयांना घेतला. गाडी गॅरेजबाहेर काढायच्या आधी थेंब तपासा.

गॅरेजवाला आता म्हणतो, पाणी तुम्हीच नंतर भरलं असेल. ठाण्यात गेलो तर तक्रार वाचायच्या आधीच "ये तो सिविल मैटर है, कंज्यूमर में जाओ." जुनं ४२० आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, फसवून पैसे उकळणं त्यात सरळ बसतं, हे मी, सामान्य माणूस, त्यांना सांगतोय आणि साहेब मोबाइल बघतायत. बाटल्या नकली आहेत म्हटलं तर उत्तर मिळालं की नकली मालाची तक्रार कंपनीने करायची, ग्राहकाने नाही. म्हणजे लुटला गेलो मी आणि तक्रार करणार दुसरं कोणी! सरकारी हेल्पलाइनने तक्रार नोंदवली, नंबर दिला, आणि काही दिवसांनी "समोरच्या पक्षाकडून प्रतिसाद नाही" म्हणून बंद करून टाकली. प्रतिसाद नाही, म्हणूनच तर तुमच्याकडे आलो होतो ना! गॅरेजच्या मागे वापरलेलं कूलंट सरळ नालीत सोडतात, गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात. तेही सांगून पाहिलं. या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवलं. स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या शहरात ही दशा.

राहिला जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो, घटनेपासून २ वर्षांच्या आत करावा लागतो. कायद्यात निकालाची मुदत ३ महिने, मालाची तपासणी लागली तर ५. वकील म्हणाले, ही मुदत कागदावरच धरा. तरी मी करतोय. टाकीतल्या पाण्याचा नमुना दोन बाटल्यांत सीलबंद आहे, जुने भाग जपून ठेवलेत, रेघेचा फोटो तारखेसह आहे, यूपीआयचा उतारा काढलाय. तुमच्या गाडीतून काढलेले भाग आणि रिकाम्या बाटल्या मागून घ्या, नाही म्हणाले तर तिथेच व्हिडिओ काढा.

इंदुरात रिंग रोडवर कूलंट बदलून घेतलं असेल, जर्मन गाडी असो वा साधी, तर आज इंजिन थंड असताना एक थेंब तपासून घ्या. रेघ माझ्यासारखीच आली तर टाकी रिकामी करायच्या आधी नमुना काढून ठेवा. एकाच दुकानाने फसवलेल्यांना एकत्र तक्रार करता येते, आणि चार-पाच जण निघाले तर "पाणी तुम्हीच भरलं असेल" हे त्याला प्रत्येकाच्या तोंडावर म्हणता येणार नाही.