गोधडीचा दोरा, सुई आणि अंगुस्तान: काय घ्यावं, काय टाळावं

हाताने गोधडी शिवायला सामान मोजकंच लागतं, पण ते बहुतेकदा उलट्या क्रमाने घेतलं जातं. घरातली सुई हातात येते आणि तिच्यात जाईल तो दोरा ओवला जातो. आधी गोधडीचे थर बघावेत, थरांवरून दोरा ठरवावा आणि दोऱ्यावरून सुई.

वर-खाली जुनी सुती साडी आणि मध्ये साडीचेच दोन-तीन थर, अशा नेहमीच्या गोधडीला आमची पहिली पसंती ८ नंबरच्या पर्ल कॉटनला, म्हणजे पिळाच्या चमकदार सुती दोऱ्याला. अँकर आणि डीएमसी या दोन्ही कंपन्यांचा मिळतो. १० ग्रॅमच्या गोळ्यात साधारण ८० ते ८५ मीटर दोरा भरतो. पीळ घट्ट असल्यामुळे पदर सुटत नाहीत आणि धावदोरा कापडावर उठून दिसतो. यात नंबर वाढेल तसा दोरा बारीक होतो. ५ नंबर दिसायला छान, पण चार-पाच थरांतून ओढताना मनगट भरून येतं आणि विरलेल्या साडीला भोकं पडतात. बाळाच्या दुपट्याला मात्र १२ नंबरच घ्यावा, टाका अंगाला टोचत नाही. भरतकामाची ८ मीटरची सहापदरी लडी गोधडीला वापरू नये. तिचे पदर एकमेकांत घट्ट पिळलेले नसतात. थरांतून घासत गेले की ते मागे-पुढे होतात, दोरा पिंजतो आणि पुढचा प्रत्येक टाका वेगळा दिसतो.

गुटरमनचा खास हँड क्विल्टिंगचा दोरा १०० टक्के सुती, २०० मीटरच्या रिळात येतो. त्यावर लेप असतो, म्हणून तो ताठ राहतो आणि गुंता फार कमी होतो. मध्ये कापसाची पातळ गादी घालून इंचाला आठ-दहा टाके घालायचे असतील, तर यासारखा दोरा नाही. पण साड्यांच्या गोधडीत तो कापडात बुडून जातो. टाका दिसायला हवा असेल, तर त्यावर पैसे घालू नयेत. मशीनला तर तो लावूच नये, लेप ताणाच्या चकत्यांमध्ये साचतो.

पॉलिएस्टरचा दोरा स्वस्त आणि मजबूत असतो, आणि जुन्या कापडावर हा मजबूतपणाच नडतो. धुताना ओली गोधडी ओढली जाते तेव्हा दोरा तुटत नाही, साडी फाटते. तुटलेला सुती दोरा पुन्हा घालता येतो, फाटलेल्या साडीला ठिगळच लावावं लागतं.

किती दोरा लागेल याचा हिशेब आधी करावा. ५ बाय ७ फुटांची गोधडी, एक-एक इंचावर उभ्या ओळी धरल्या तर ६० ओळी, म्हणजे ४२० फूट, साधारण १२८ मीटर. थरांतून वर-खाली जाणं आणि सुरुवात-शेवटाची टोकं मिळून पाऊणपट नाही, पण पावपट तरी वाढवावा: १६० मीटर. ८ नंबरच्या दोन गोळ्यांत कसंबसं बसतं, म्हणून तिसरा त्याच वेळी घ्यावा. नंतर आणलेल्या गोळ्याची रंगछटा थोडी वेगळी निघू शकते. अर्ध्या इंचावर ओळी असतील तर सगळंच दुप्पट.

सुईचं काम फक्त दोरा ओढण्याचं नाही, त्याच्यासाठी वाट करण्याचंही आहे. नेढ्यापाशी दोरा दुहेरी असतो. नेढं अरुंद असेल तर तो प्रत्येक टाक्याला घासतो आणि नेमका तिथेच तुटतो. ८ नंबरच्या पर्ल कॉटनला ५ नंबरची एम्ब्रॉयडरीची सुई किंवा २४ नंबरची शेनील (मोठ्या नेढ्याची) सुई बरोबर बसते. लेपाच्या दोऱ्याला ९ किंवा १० नंबरची आखूड 'बिट्वीन' सुई. जॉन जेम्स आणि पोनी या दोन्हींच्या मिळतात. इथेही एकाच प्रकारात मोठा नंबर म्हणजे बारीक सुई. दाभण पोत्यासाठी ठेवावं, साडीवर ते भोक सोडतं. नवी सुई घेतली की दोरा ओवून नेढ्यातून पाच-सहा वेळा मागे-पुढे ओढून बघा. लव उठली तर नेढ्याला कंगोरा आहे, ती सुई बाजूला टाका. पावसाळ्यात सुया कागदात गुंडाळून बंद डबीत ठेवाव्यात. गंजाचा ठिपका पुढे कापडावर उतरतो.

अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची बोटाची टोपी, शिवणाऱ्या हाताच्या मधल्या बोटाला. पत्र्याची पातळ अंगुस्तानं टाळावीत, त्यांचे खळगे उथळ असतात. सुईचं मागचं टोक खळग्यात तिरपं टेकवून दाबा. निसटलं तर घेऊ नका. हात खाली करून झटकल्यावर गळून पडू नये, इतकं घट्ट हवं. उन्हाळ्यात बोटं सुजतात, तेव्हा क्लोव्हरचं कातडी अंगुस्तान सोयीचं. सुई थरांत अडकली तर पक्कड लावू नये, ती वाकते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन इंची तुकडा चिमटीत धरून ओढली की अलगद येते.

दोरा हातभरच घ्यावा, म्हणजे सुमारे १८ इंच. लांब घेतला की शेवटचा भाग कापडातून इतक्या वेळा जातो की पिंजून बारीक होतो. गोळ्यातून आधी सुटलेलं टोक सुईत ओवावं आणि कापलेल्या टोकाला गाठ मारावी.

मधमाशीचं मेण फक्त साध्या सुती दोऱ्याला लावावं. पर्ल कॉटनची चमक त्याने जाते. वडीवरून दोरा दोनदा ओढायचा आणि कोऱ्या कागदाच्या घडीत ठेवून इस्त्री फिरवायची, म्हणजे मेण आत मुरतं. मेणबत्तीचं मेण भुगा सोडतं.

लाल, मरून किंवा गडद निळा दोरा असेल तर हातभर तुकडा ओल्या पांढऱ्या कापडावर ठेवून गरम इस्त्री दाबा. रंग उतरला तर तो दोरा फिक्या साडीवर घालू नये.