सॉफ्टवेअर कार्पेंट्रीचं 'शेल-लेसन-डेटा': काही महिने वापरल्यानंतर

'शेल-लेसन-डेटा' म्हणजे सॉफ्टवेअर कार्पेंट्री या उपक्रमाच्या शेल-धड्यासोबत मिळणारं सरावाच्या फाइलींचं फोल्डर; शेल म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम. स्वतःच्या होम फोल्डरमध्ये 'फाइंड' (फाइली शोधणारी आज्ञा) आणि 'ग्रेप' (फाइलींतला मजकूर शोधणारी आज्ञा) यांचा सराव केला, तर आलेलं उत्तर बरोबर की चूक हे पडताळता येत नाही. या नमुना फोल्डरात ते येतं, आणि माझ्या मते त्याचं खरं मोल तिथेच आहे. त्यातल्या 'अल्केन्स' या फोल्डरात रेणूंची रचना देणाऱ्या सहा पीडीबी फाइली आहेत. 'डब्ल्यूसी -एल *.पीडीबी' या ओळी मोजणाऱ्या आज्ञेची बेरीज १०७ यायलाच हवी. एंटर दाबण्याआधी किती ओळी येतील ते मनात ठरवायचं, मग जुळवून बघायचं. (जुन्या नोट्समध्ये 'मॉलिक्यूल्स' दिसलं तर ते हेच फोल्डर.)

विंडोजवर सुरुवातीलाच दोन ठिकाणी अडतं. डाउनलोड केलेली झिप 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' केली की फोल्डरात त्याच नावाचं आणखी एक फोल्डर तयार होतं. वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल, तर गिट बॅशमध्ये (विंडोजवर वापरायचं शेल) डेस्कटॉप वनड्राइव्हच्या आत शोधावा लागतो. आधी 'पीडब्ल्यूडी' (आपण कुठे आहोत), मग 'एलएस' (इथे काय आहे), मगच 'सीडी' (दुसऱ्या फोल्डरात जाणं). मूळ झिप जपून ठेवा. 'आरएम' या आज्ञेने पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये सापडत नाही.

सगळ्यात जास्त शिकवतो तो अवतरणचिन्हांचा धडा. 'एक्सरसाइज-डेटा'मध्ये उभं राहून फाइंड . -नेम *.टीएक्सटी असं उघडं लिहिलं, तर फक्त नंबर्स.टीएक्सटी मिळते, आतल्या फोल्डरांतल्या फाइली येतच नाहीत. कारण तारा (*, म्हणजे 'काहीही चालेल') 'फाइंड'पर्यंत पोचतच नाही. शेल आधीच त्याजागी समोरच्या एकुलत्या फाइलचं नाव भरतं. तीच आज्ञा 'रायटिंग'मध्ये जाऊन द्या: तिथे दोन फाइली जुळतात आणि थेट एरर येते. एरर परवडली, पण अपुरं उत्तर घातक, कारण ते बरोबर वाटतं. *.टीएक्सटी सारखा शोधाचा साचा नेहमी अवतरणात घाला.

'ग्रेप'साठी हायकू.टीएक्सटी छान आहे. 'द' (टीएचई, पहिलं अक्षर कॅपिटल) शोधलं की दोन ओळी येतात, कारण 'थीसिस'च्या स्पेलिंगमध्येही तीच अक्षरं आहेत. '-डब्ल्यू' (फक्त पूर्ण शब्द जुळव) लावलं की एकच उरते.

'नॉर्थ-पॅसिफिक-जायर'मधल्या मोजमापांच्या फाइलींना प्रत्येकी ३०० ओळी हव्यात. 'डब्ल्यूसी -एल'चं उत्तर 'सॉर्ट -एन'मधून (आकड्यांनुसार क्रम लावणारी आज्ञा) काढलं की २४० ओळींची अर्धवट फाइल वर येते. मोठ्या डेटावरही हीच तपासणी चालते.

उणीव एक: नावात रिकामी जागा असलेली फाइल स्वतः बनवून घ्यावी लागते. तशी एक टाकली की 'फाइंड'चं उत्तर सरळ 'एक्सआर्ग्ज'ला (मिळालेली नावं दुसऱ्या आज्ञेला पुरवणारी आज्ञा) देणं मोडतं, कारण एका नावाचे दोन तुकडे होतात. तेव्हा '-प्रिंट०' आणि 'एक्सआर्ग्ज -०' ही जोडी वापरा; तिच्यात नावं रिकाम्या जागेवर तुटत नाहीत.