तुलांबेनच्या बुडालेल्या जहाजावर डाइव्ह करायचंय? मग मुक्काम तिथेच करा

बालीला आता आपल्या जळगाव-भुसावळकडून पण बरीच मंडळी जातात, पण सगळ्यांचं तेच, झोक्यावर फोटो, मंदिर, बीच आणि परत. ईशान्येला तुलांबेन आहे तिकडे कोणी फिरकत नाही कारण दक्षिणेतल्या हॉटेलांपासून गाडीने अडीच-तीन तास. आम्ही मित्र-मित्र खास तिथल्या बुडालेल्या जहाजावर सिलिंडर लावून डाइव्ह करायला गेलो आणि पैसे वसूल झाले भो.

जहाज म्हणजे यूएसएटी लिबर्टी, अमेरिकेचं मालवाहू, १९१८ चं. ११ जानेवारी १९४२ ला लोंबोक सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला, ओढून सिंगराजा बंदराला न्यायला बघितलं पण पाणी इतकं भरत होतं की तुलांबेनच्या किनाऱ्यावरच चढवलं. आत माल काय, तर रबर आणि रेल्वेचे पार्ट! ब्रीफिंगमध्ये हे ऐकून आमच्यातला रेल्वेवाला एकदम ताठ बसला, खाली काही दिसेल का म्हणून विचारत सुटला (नाही दिसत, माल तेव्हाच काढून घेतलेला). मग १९६३ ला आगुंग ज्वालामुखी फुटला, त्या हादऱ्यांनी जहाज सरकून पाण्यात गेलं, म्हणून तर ते इतकं काठाला आहे. बोट लागतच नाही. चालत पाण्यात शिरायचं, थोडं पोहलं की पाच-सहा मीटरवर वरचा भाग सुरू होतो, खालचा तीसेक मीटरपर्यंत जातो. ओपन वॉटर कार्डवाल्याला (म्हणजे डाइव्हिंगचा पहिला कोर्स केलेल्याला) १८ मीटरपर्यंत जाता येतं, कार्ड नसलेल्याला १२, पण १२ मध्ये पण भरपूर दिसतं.

आता आम्हाला नेणाऱ्या डाइव्ह शॉपबद्दल. गाइड एक नंबर, घाई नाही, दर थोड्या खोलीला थांबून कान मोकळे झाले का ते हाताने विचारणार. आपण विहिरीत सूर मारत शिकलेले, पाण्यात गेलं की श्वास आपोआप रोखला जातो, इथे नेमकं उलटं आहे, श्वास रोखायचाच नाही, वर येताना तर अजिबात नाही कारण दाब कमी होतो तशी फुप्फुसातली हवा फुगते. हे त्याने मला इतक्या वेळा सांगितलं की झोपेत पण आठवेल. एका मित्राच्या मास्कमध्ये सारखं पाणी, कारण काय तर मिशी! गाइडने मिशीवर व्हॅसलीन थापलं, काम झालं. सिलिंडर गावातल्या बायका डोक्यावर घेऊन त्या गोल गोल दगडांवरून सरसर जातात आणि आपण रिकाम्या हाताने लडखडतोय, लाज वाटते खरं.

वैताग दोन. बूट एक साइज मोठे दिले, खडे आत. आणि पहाटेचं बुकिंग असून पहिल्या दिवशी दहाला नेलं, तोवर दक्षिणेकडच्या गाड्या आलेल्या, खाली नुसती गर्दी, कोणाचा फिन (पायात घालायचा पंखा) तोंडावर, काळी वाळू उडून सगळं गढूळ. विचारलं तर हसून 'टुमॉरो, टुमॉरो'.

पण टुमॉरो खरंच भारी निघाला. मुक्काम तिथेच म्हणून सहाला पाण्यात, कपाळावर टेंगूळ असलेले हे मोठ्ठाले पोपटमासे जहाजाजवळ झोपतात, ते नुकते उठून कळपाने निघालेले, पोवळं चावताना कटकट ऐकू येत होतं. पत्रा कुठे संपतो आणि पोवळं कुठे सुरू होतं कळत नाही. बाजूच्या वाळूत गार्डन ईल (सापासारखे बारीक मासे), कापणीनंतरच्या ज्वारीच्या धसकटासारख्या उभ्या, जरा जवळ गेलं की सगळ्या एकदम आत.

जेवण ठीक, आम्ही ठेचा नेलेला म्हणून निभावलं. परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर १८ तास तरी सोडून घ्या, आपले लोक पॅकेजमध्ये हेच विसरतात.

माझ्याकडून पाचपैकी चार. बुक करतानाच सहाचा टाइम लिहून मागा, नाही म्हणाले तर शेजारी विचारा, त्या रस्त्याला डाइव्ह शॉपच डाइव्ह शॉप आहेत.