रिजेक्शननंतरची दुसरी लूट: कॅनडाच्या कोर्टात ‘अपील’

मुंबईतल्या वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन मंडळींना कॅनडाच्या नावाने लुबाडतात ते एकदा नाही, दोनदा. कुशल कारागिरांना कायम वास्तव्यासाठी घेणाऱ्या कॅनडाच्या स्किल्ड ट्रेड्स योजनेतला अर्ज नाकारला गेला की तोच एजंट पुन्हा बोलावतो. “ऑफिसरची चूक आहे, वरच्या कोर्टात अपील टाकू, नवं अनुभवपत्र जोडू, काम शंभर टक्के होणार.” आणि आकडा सांगतो लाखांत.

यातलं जवळपास सगळं खोटं असतं. तिथलं फेडरल कोर्ट फक्त न्यायालयीन पुनर्विलोकन करतं: अधिकाऱ्यासमोर जे कागद होते त्यांवरून त्याचा निर्णय वाजवी होता का, एवढंच. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाच्या 2019 च्या वाविलोव्ह निकालापासून हीच कसोटी आहे. त्यामुळे नंतर आणलेलं पत्र, कितीही खरं असलं, तरी कोर्ट सहसा बघत नाही. त्यातही आधी दाद मागण्याची परवानगी मिळावी लागते. ती बऱ्याचदा कारण न देता एका ओळीत नाकारली जाते. जिंकलात तरी कोर्ट व्हिसा देत नाही, फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जाते आणि तोही नाकारू शकतो. शंभर टक्क्यांची हमी देणारा माणूस म्हणूनच थापा मारतोय.

मग केस उभी राहते कशावर? उदाहरण घ्या. योजनेला मागच्या पाच वर्षांतला दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो, म्हणजे आठवड्याला 30 तासांनी 3,120 तास. अधिकाऱ्याने लिहिलं, “पत्रात तास दिलेले नाहीत”, आणि तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर “आठवड्याला 48 तास” असं स्पष्ट छापलंय, तर दम आहे. पत्रात तास नव्हतेच, तर कोर्टात जाऊन उपयोग नाही. पुरावा देण्याची जबाबदारी अर्जदाराची.

आणि तास नसतात, कारण पत्र एजंटच टाइप करतो. कॅनडा सरकारच्या व्यवसायांच्या यादीत वेल्डरचा कोड 72106. त्याखालची कामांची सरकारी यादी जशीच्या तशी उतरवायची, वर्कशॉपच्या लेटरहेडवर शिक्का मारायचा, खाली सही कुणाची ते वाचताही येत नाही. शब्दन् शब्द सरकारी यादीशी जुळला की अधिकाऱ्याला वास येतो. खऱ्या पत्रात माणूस काय करत होता ते दिसतं: 6 मिमी प्लेटवर आर्क की पाइपवर टिग, ड्रॉइंग वाचून की मुकादमाच्या खुणेवर, हाताखाली हेल्पर किती. सोबत पद, तारखा, आठवड्याचे तास, वार्षिक पगार, सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, फोन. पीएफचं पासबुक आणि बँकेत जमा झालेला पगार त्याला आधार देतात. ठेकेदाराकडे रोखीत राबलेल्यांची खरी पंचाईत इथेच होते, आणि एजंट नेमका त्यांनाच बनावट सॅलरी स्लिप विकतो. ते उघड झालं तर चुकीच्या माहितीबद्दल कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम 40 खाली पाच वर्षांची बंदी तुमच्यावर येते, एजंटवर नाही.

सर्वांत घातक चाल मुदतीची. कॅनडाबाहेर झालेल्या निर्णयाविरुद्ध कोर्टात जायला, निर्णय कळल्यापासून 60 दिवस मिळतात. पण अर्जावर ईमेल एजंटचा असतो. नकार त्याच्याकडे येतो, तो “प्रोसेसमध्ये आहे” म्हणत महिनोन् महिने काढतो आणि मुदत उलटल्यावर पैसे मागतो. मुदतवाढ मागता येते, पण त्याला सबळ कारण लागतं. म्हणून अर्जाच्या खात्याचा ईमेल आणि पासवर्ड पहिल्या दिवसापासून स्वतःकडे ठेवा.

पैसे दिलेच असतील तर एक तपासणी आज करा. कोर्टात केस खरंच दाखल झाली असेल तर तिला ‘आयएमएम’ने सुरू होणारा नंबर असतो, शेवटी वर्षाचे दोन आकडे. फेडरल कोर्टाच्या वेबसाइटवर तो टाकला की प्रत्येक तारखेची नोंद फुकट दिसते. व्हॉट्सॲपवर आलेल्या, शिक्का मारलेल्या ‘स्टे ऑर्डर’च्या पीडीएफला किंमत नाही, नकाराला स्टे देऊन व्हिसा मिळत नसतो. दाखल करण्याची फी 50 कॅनेडियन डॉलर. वकिलाची फी वेगळी आणि बरीच मोठी, पण ती लेखी करारानुसार वकिलाच्या फर्मकडे जाते, अंधेरीतल्या कुणाच्या जीपेवर नाही. तुमच्या वतीने या कोर्टात उभं राहायला तिथला वकीलच लागतो. परवाना असलेला इमिग्रेशन कन्सल्टंटही चालत नाही. वकिलाचं नाव त्याच्या प्रांताच्या लॉ सोसायटीच्या यादीत शोधा. नकार का दिला त्याच्या अधिकाऱ्याच्या नोंदी मिळवून देतो म्हणून वीस-पंचवीस हजार मागणाराही भेटतो. पण केस दाखल करताना लेखी कारणं मिळाली नसतील तर कोर्टच ती मागवून घेतं.

फसवणूक झालीच असेल तर एजंटशी भांडण्याआधी चॅट, पावत्या आणि व्यवहाराचे यूटीआर (बँकेचे व्यवहार ओळख) नंबर उतरवून घ्या. ऑनलाइन पैसे नुकतेच गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, नाहीतर जवळच्या पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 (फसवणूक) खाली तक्रार द्या. बनावट पत्र लावलेला अर्ज अजून प्रलंबित असेल, तर तो मागे घ्यायचा की खुलासा द्यायचा, हे कॅनडातल्या वकिलाला विचारून ठरवा, आणि ते अधिकाऱ्याचं खुलासा मागणारं पत्र यायच्या आत.